फ्रिजची फीत
झेंडू आणि स्पिरिटचा वास एकत्र आला की मला पाचोऱ्याजवळचा तो दवाखाना आठवतो. बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. पुढच्या बाळाला धोका नको म्हणून तिला तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यायचं होतं. तिसरी दुपार कलत आली आणि इंजेक्शन नव्या फ्रिजमध्येच होतं. औषधं सकाळीच आत मांडली होती, पण मग फ्रिजला हार घातला गेला, दारावर लाल फीत बांधली गेली, आणि पुढारी तेव्हापासून ‘निघालेच’ होते. “उद्घाटनाआधी कसं उघडू, भाऊ?” नर्स थकून म्हणाली. दोन रात्री जागलेला मी मान डोलावून बाकावर बसलो. आई मात्र उठली. “फीत कापाले पुढारी कसाले जोयजे? कातर दे, माय.” नर्सने बाहेरच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि ड्रेसिंगची कातर आईच्या हातात ठेवली. इंजेक्शन वेळेत दिलं गेलं. संध्याकाळी पुढारी आले, गाठ मारलेली फीत त्यांनी पुन्हा कापली, टाळ्या वाजल्या; मीही वाजवल्या. परवा तो फ्रिज पाहिला, पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. बहिणीची त्यानंतर झालेली धाकटी आता सायकलवरून शाळेत जाते. तिच्यावर कुणाची पाटी नाही.