पायाळूचा नवरा

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं सोडून आधी पाय बाहेर काढले. त्यात माझं काय कर्तृत्व, देव जाणे. पण आमच्या वर्ध्याकडे पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण उतरते म्हणतात. धड चालायला लागले नव्हते तेव्हापासून लोक मला आपल्या पाठीवर उभं करायचे. लग्न होऊन अल्लीपूरला आले, तर माझ्याआधी माझी कीर्तीच येऊन बसलेली. सकाळी भाकरी थापायला घेतली की कोणीतरी वाकडातिकडा होत ओसरीवर हजर. पिठाच्या हातानं उठायचं, पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेला डावा पाय लावायचा, अन् तो बरं वाटलं म्हणत जायचा. खरंच बरं वाटायचं की लाजेखातर म्हणायचा, मी कधी विचारलं नाही.

साऱ्या गावाला माझा पाय चालायचा, फक्त घरधन्याला नाही. बायकोचा पाय नवऱ्याला लागणं म्हणजे पाप, आणि माझी सासू त्यात भारी कडक. चुकून माझा अंगठा यांच्या धोतराला घासला तरी तिथल्या तिथे नमस्कार करायला लावायची. हे कापसाच्या जिनात कामाला होते, रुईच्या गाठी उचलून उचलून यांची कमर धरायची. घरात विहीर अन् धनी तहानलेला, अशी गावात थट्टा चालायची. हे हसायचे, मीही हसायची.

मग एका सकाळी जिनात गाठ उचलायला हे वाकले ते खालीच बसले, उठले नाहीत. लोकांनी बाजेवर घालून घरी आणलं. शुद्धीत होते, बोलत होते, म्हणून मला वाटलं, मोठी उसण भरली असेल, दुसरं काय. मी तेलाची वाटी घेऊन बसले आणि म्हटलं, पाय सरळ करा.

"सरळच तं हायेत," हे म्हणाले.

पाय गुडघ्यात दुमडलेले होते. मी एकदा पायांकडे बघितलं, एकदा यांच्या तोंडाकडे. वाटी हातातून कधी निसटली ते कळलंच नाही.

मऊ कुटार, म्हणजे भुसा अंथरलेल्या बैलबंडीतून वर्धा, तिथून रेल्वेनं नागपूर. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकून शिरा दाबल्या गेल्यात, पाठ उघडावी लागेल. पाठ काय पेटी आहे उघडायला? पण विचारायची सोय नव्हती. मी कागदावर अंगठा उठवला आणि व्हरांड्यात सासूशेजारी जाऊन बसले. यांना बाहेर आणलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढे पट्टी बदलताना पाठ पाहिली. दाभणानं पोतं शिवावं तसे टाके. या पाठीला तेल लावत आले होते मी, ती मला ओळखूच येईना.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जखम भरेपर्यंत पाठीला दाब नको, धक्का नको, नाहीतर माणूस जन्माचा खाटेवर. पाय परत येतील का? येतील, नाहीही येतील. तळव्याला हात लावून रोज ढकलायला सांगत जा, एवढंच त्यांनी सांगितलं.

मग काय, मी सांगतच बसले. तख्तावर सपाट पडलेल्या माणसाला भरवायचं, पुसायचं, खालचं भांडं काढायचं, आणि मग तळव्याला हात लावून म्हणायचं, ढकला. हे ओठ चावून जोर करायचे, घाम फुटायचा. माझ्या हाताला काही म्हणजे काही लागायचं नाही. हळूहळू यांनी जोर करणंच सोडलं. मी म्हटलं की नुसते आढ्याकडे बघायचे.

एका दुपारी आपणहून बोलले. "गावभर पाय देते, मलेच काऊन नाई? लाव पाठीले."

मी थक्क झाले. माझा पाय जरा जवळ आला तरी सरकून बसणारा हा माणूस. मी डॉक्टरांची आठवण दिली. डॉक्टरले काय मालूम, म्हणाले. मग मात्र माझं डोकं फिरलं. तुमचे टाके तुम्हाला दिसत नाहीत, मला दिसतात, म्हणून भांडले चांगली. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवणच सोडलं. वरण नाही, आंबील नाही. बोलणंही नाही.

मग सासू चुलीपाशी आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती खाली वाकली आणि तिनं माझे दोन्ही पाय धरले.

"पाप माह्या माथी," ती म्हणाली. "लाव त्याच्या पाठीले."

रोज सकाळी जिच्या पाया पडायची ती बाई माझे पाय धरून बसलेली. मला पाय ओढून घेता येईना. आणि खरं सांगते, त्या घडीला मलाही वाटलं, लावावा. इतकी माणसं उठून गेली, हाही उठेल. स्वतःची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"उठा आत्याबाई," मी म्हटलं. "लावते."

सासू यांना पालथं करायला धावली. तिला थांबवलं. यांना उताणंच राहू दिलं, तख्ताच्या पायथ्याशी चढले, भिंतीला पाठ टेकली आणि माझे दोन्ही तळवे यांच्या तळव्यांना भिडवले. सासू म्हणाली, पाठीले म्हटलं होतं मी.

"पाय माहा हाय. कुठं लावाचा ते मले समजते," मी म्हटलं. "गावाले कमरेले देते, नवऱ्याले तळव्याले. आता ढकला."

असं काही नसतं, हे यांनाही माहीत होतं. पण माझ्याकडे बघितलं, आणि ओठ चावले. त्या दिवसापासून जेवायला लागले.

मी रोज तशीच बसायची. यांचे पाय थंडगार असायचे, माझेही तळवे गार पडायचे. एके दिवशी सासू समोर तूर निवडत होती आणि माझ्या अंगठ्याखाली काहीतरी हललं. वाटलं, मुंगी असेल. बघितलं तर मुंगी नव्हती. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा हललं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"काऊन रडून राह्यली?" हे म्हणाले. यांना कळलंच नव्हतं. पाय यांचा, हलवला यांनी, आणि पत्ता फक्त मला.

"तुमी मले ढकललं," मी म्हटलं.

यांना खोटं वाटलं. चिडले. समजूत नको काढू, म्हणाले. तेवढ्यात सूप बाजूला टाकून सासू उठली. मला सरकवून तिनं आपला म्हातारा तळहात लेकाच्या तळव्याला लावला आणि हे घामाघूम होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग एकदम तिनं दुसरा हातही तिथंच लावला.

"लात मार लेका," ती म्हणाली. "अजून एक मार मले."