वकिलांची पेटी कुणी आणली?

आमच्या घरी चार पाहुणे जमले, जेवणं उरकली, पानाचं तबक फिरलं, की कुणीतरी म्हणतंच, "आता रेंजरची केस होऊ द्या." मग मी गळा साफ करतो. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे, की कुठे हशा पिकणार आणि कुठे माझी मेहुणी "अगं बाई" म्हणणार, ते मला पाठ आहे. शेवटी सरकार हरतं, म्हातारा जिंकतो आणि मी सुपारी तोंडात टाकतो. फक्त मधला एक तुकडा मी दरवेळी गाळतो. बायकोला तो ठाऊक आहे. नेमकी त्याच जागी ती पाणी आणायला उठते. आज तो गाळायचा नाही, म्हणून लिहायला बसलो. तोंडी सांगायची छाती अजून नाही.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. मी नागपूरहून वकील होऊन चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, परतलो होतो. अंगातला काळा कोट थोरल्या भावाचा, खांद्यांत दोन बोटं मोठा. देशाची घटना नवी होती, मीही नवा होतो, आणि दोघांचीही अजून कुणाला सवय झाली नव्हती. सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जुने वकील असल्या नोटिशीपासून चार हात लांब राहत, कारण रोज त्याच साहेबांच्या कचेरीत जायचं असे. मला मात्र त्याची भारी हौस. माझा मुन्शी म्हणायचा, "साहेब, लोक सणासुदीले पत्रं धाडते, तुम्ही नोटिसा धाडून राह्यले."

अशाच एका दुपारी तो म्हातारा ओसरीवर येऊन बसला. गडचिरोलीच्या पलीकडच्या जंगलातला गोंड शेतकरी. वैनगंगा डोंग्याने ओलांडून, बाकीचं पायी चालून आलेला. त्याचं गाव जंगलखात्याचं होतं. म्हणजे जमीन खात्याची, कसायची परवानगी खात्याची, आणि त्या बदल्यात खात्याने बोलावलं की राबायला जायचं. साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं, हेही त्यातच आलं. मजुरीचं नाव नाही. ऐन रोवणीत, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, रेंजरचा निरोप आला, सामान न्यायला ये. म्हातारा म्हणाला, "चार दिस थांब, पऱ्हे सुकून जातीन." रेंजर थांबला नाही. त्याने म्हाताऱ्याची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, काढून घेतली आणि दुसऱ्याला देऊन टाकली. म्हाताऱ्याला तेवढी एकच बांधी होती. आज्याने जंगल खोदून केलेली.

मी घटनेचं पुस्तक उघडून तेविसावं कलम त्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि मराठीत समजावलं, की बेगार आता देशभर बंद आहे.

त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हे रेंजरले मालूम हाये का?"

"नसेल तर आता करून देऊ," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे कितीतरी दिवस आवडत होतं.

नोटीस गेली, मुदत सरली, दावा लागला. मग मी ठरवलं की मोका, म्हणजे वादाची जागा, स्वतः पाहायचा. बांधी कुठे आहे, किती आहे, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उभं राहायचं नाही. बायकोने पेटी भरून दिली. सागवानी, पितळी कड्यांची, सासऱ्यांनी लग्नात दिलेली पेटी. तिच्यात कायद्याची पुस्तकं, कोट, लोटा, डबाभर चिवडा, आणि सगळ्यांत वर घटना.

मोटार सडकेपर्यंतच होती. पुढे चार कोस पायवाट. उतरलो तर सडकेवर एका गावचा कोतवाल एका माणसाला घेऊन उभा. "वकीलसाहेब ना?" त्याने विचारलं आणि माझं उत्तर येईपर्यंत पेटी त्या माणसाच्या डोक्यावर चढलीसुद्धा. मी छत्री घेऊन मागून निघालो. शिवेवर पेटी उतरली, पुढच्या गावचा माणूस तिथे हजर होता, त्याच्या डोक्यावर ती चढली. आणखी एक शीव, आणखी एक डोकं. मला त्या पद्धतीचं फार कौतुक वाटलं. नागपूरच्या एका मित्राला मी पत्रात लिहिलंही, की इथल्या जंगलात टपालखात्याहून चोख व्यवस्था आहे.

शेवटच्या शिवेवर माझा म्हातारा उभा होता. पागोटं सारखं करून त्याने पेटी उचलली आणि माझ्यापुढे चालू लागला. मागून एक नाकेदार, जंगलखात्याचा शिपाई, येत होता. तो मला घाबरून अंतर राखून चालतो आहे, असा माझा समज. चालता चालता मी म्हाताऱ्याला समजावत होतो, की माणसाकडून फुकट काम करून घेणं हा आता गुन्हा आहे. डोक्यावर पेटी असल्यामुळे त्याला मान हलवता येत नव्हती. तो नुसता "हव, हव" म्हणत होता.

परतताना पेटी तशाच रीतीने सडकेपर्यंत आली. पहिली शीव म्हाताऱ्यानेच गाठून दिली. मी कुणालाही काही दिलं नाही. द्यायचं असतं हे मनातही आलं नाही. चिवडासुद्धा उरलेला घरी आणला.

आता तो तुकडा.

चांद्याच्या दिवाणी कोर्टात म्हाताऱ्याची साक्ष निघाली. माझ्या प्रश्नांना त्याने अशी सरळ उत्तरं दिली, की न्यायाधीश लेखणी थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. मग सरकारी वकील उठले. वयस्कर, गोड आवाजाचे, जावयाशी बोलल्यासारखे बोलणारे. खात्याचं म्हणणं असं होतं, की ओझं नेणं ही गावकऱ्यांची आपखुशीची रीत आहे, त्यात बेगार कसली?

"वकीलसाहेब तुझ्या गावी आले होते ना रे, बाबा?"

"आले ना."

"वकिलांची पेटी कुणी आणली?"

"म्या आणली," म्हातारा अभिमानाने म्हणाला.

"वा! मग मजुरी किती दिली त्यांनी?"

नाकेदार मागून का चालत होता, ते त्या क्षणी समजलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच मी उठायला हवं होतं. नुसतं म्हणायचं होतं, की महाराज, मी काही दिलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी काय केलं? खाली मान घालून फाईलमध्ये एक कागद शोधू लागलो. कुठला कागद, देव जाणे. आणि मनात एकच इच्छा होती, ती लिहून टाकतो: याने खोटं बोलावं.

त्याला ते कळलं. माझ्या पक्षकारांपैकी माझं मन इतकं चटकन कुणीच ओळखलेलं नाही.

"देल्ली," तो म्हणाला.

"किती?"

"रुपाया."

"कसा होता रुपया?"

म्हातारा घुटमळला. मला शोभेलसा रुपया तो मनातल्या मनात निवडत असावा. "चांदीचा," त्याने सांगितलं.

कोर्टात खसखस पिकली. चांदीचा रुपया बाजारातून जाऊन काही वर्षं झाली होती. सरकारी वकिलांनी फक्त "बसतो" म्हटलं. नंतर सरकारतर्फे सडकेवर भेटलेला तोच कोतवाल आला. त्याने सांगितलं, की वकिलांनी कुणालाच काही दिलं नाही. "कोणी देत नाई, कोणी मांगत नाई."

न्यायाधीश माझ्याकडे वळले. "उलटतपासणी?"

"नाही, महाराज," मी म्हणालो. आवाज कोटाच्या आतून कुठूनतरी आला.

दावा फेटाळला गेला. जो मनुष्य शपथेवर एक गोष्ट खोटी सांगतो, त्याच्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवावा, असं निकालात होतं.

व्हरांड्यात म्हातारा माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, मले खोटं बोलता नाई आलं. तुही इज्जत गेली." बांधी त्याची गेली होती आणि तो माझ्या इज्जतीची माफी मागत होता. मी काही बोलायच्या आत त्याने वाकून माझी पेटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि माझ्या घराच्या रस्त्याला लागला. आणि मी, इतकं सगळं होऊनही, छत्री घेऊन त्याच्या मागून चाललो.

बायको दारात होती. पेटी उतरवून म्हातारा पाणी पिऊन गेला, तशी तिने विचारलं, "हे कोण होते?"

"पक्षकार."

"जिंकले?"

"हरले."

"आणि पेटी त्यांनीच आणली?" ती थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली, जणू ते जागेवर आहेत की नाहीत याची तिला खात्री करायची होती.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग आता जाऊन खरं सांगा की. तुम्हाला तर तोंड चालवायचेच पैसे मिळतात."

अपिलाला महिन्याची मुदत असते. मला कागद लिहायला त्यातले सव्वीस दिवस लागले. एरवी मी नोटीस अर्ध्या तासात लिहीत असे. शपथपत्रात लिहिलं, की मी स्वतः या माणसाकडून तीनदा ओझं वाहून घेतलं, मोबदला दिला नाही, आणि त्याने कोर्टात जे खोटं सांगितलं ते माझी लाज राखायला. जो साक्षीदार होतो त्याला त्या खटल्यात वकील राहता येत नाही, म्हणून वकीलपत्र एका दुसऱ्या वकिलांकडे दिलं. मुन्शीने कपाळावर हात मारला. "साहेब, उद्यापासून आपल्या ओसरीवर कुत्रं नाई बसणार."

अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. त्या न्यायाधीशांनी घेतला. मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि समोर तेच गोड आवाजाचे सरकारी वकील.

"तुम्ही कायदा शिकलेले. मग मजुरी का दिली नाही?"

"लक्षातच आलं नाही."

"आणि तो का घेऊन गेला? तुम्ही जबरदस्ती केली?"

"नाही. मी काहीच केलं नाही. मी नुसता साहेबासारखा उभा होतो."

यावर कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं, आणि निकालातही ते आलं. रीत म्हणतात ती आपखुशीची नसते, याचा दाखला म्हणून त्यांनी मलाच घेतलं. तेविसाव्या कलमावर मी पाठ केलेलं भाषण पेटीतच राहिलं. बांधी परत मिळाली, पण तोवर दोन रोवण्या हुकल्या होत्या. त्या दोन वर्षांत म्हाताऱ्याच्या घरात धान कुठून आलं, ते मी कधी विचारलं नाही. तेही गाळलेल्यातच धरा.

ताबा घ्यायच्या दिवशी मी गेलो. सडकेवर उतरलो, कोतवालाला हात जोडून "नको" म्हटलं आणि पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. दर अर्ध्या फर्लांगावर ती खाली ठेवत होतो. मान वाकडी, कोट घामाने भिजलेला. चिवडा यावेळी वाटून खायला जास्त आणला होता, त्याने वजन वाढलेलं. शिवेशिवेवर लोक उभे राहून बघत होते, पण कुणी हसलं नाही.

शेवटच्या शिवेवर म्हातारा होता. माझी अवस्था पाहून त्याने तोंडाने च्च केलं. "काऊन असा करून राह्यला? इकडे दे."

मी नाही म्हटलं. पुढे वीस पावलांवर पाय अडखळला आणि पेटी खाली आली. त्याने न विचारता ती उचलली. मी घाईघाईने खिशातून रुपया काढून त्याच्यापुढे धरला.

त्याने रुपयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

"मजुरी. आजची, आणि मागचीही."

"मागचा त तू देल्ला," तो म्हणाला. "कोर्टात शपथ घेऊन सांगतलं ना म्या, चांदीचा होता." आणि पेटी डोक्यावर सारखी करून तो पुढे निघाला. हातात रुपया धरून मी त्याच्या मागून चालत राहिलो, थेट बांधीपर्यंत.