सायीबरोबरची गोळी
दूध तापून त्यावर साय धरली की त्या वासानं मला कोल्हापुरातलं वसतिगृह आठवतं. सहावीत माझ्या डोक्यात बुरशीचा नायटा झाला, पुंजक्यानं केस गळाले, डोक्याला रुमाल बांधावा लागला आणि मुली माझ्याशेजारी झोपेनात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी डोकं इतकं ठणकायचं, की मी त्या गुपचूप खिडकीबाहेर टाकू लागले. स्वयंपाकाच्या मावशींना त्या परसात सापडल्या. रागावण्याऐवजी त्या मला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या. "औषध जुनं, पण खात्रीचं आहे," डॉक्टर म्हणाले, "ते बुरशीला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. मुळातून निरोगी केस येईपर्यंत घ्यावंच लागेल. डोकेदुखी हळूहळू कमी होईल. तुपादुधाबरोबर दिलं तर अंगी लागेल." मावशी म्हणाल्या, "मग साय हाय की!" तेव्हापासून रोज जेवताना माझ्यापुढं सायीची वाटी यायची आणि मी गोळी गिळेपर्यंत मावशी हलायच्या नाहीत. दोनेक महिन्यांनी सगळ्या मुलींदेखत त्यांनी माझ्या डोक्याचा रुमाल सोडला आणि कोवळ्या केसांतून बोटं फिरवली. "बघा गं, काय बी न्हाय आता!" त्याआधी कितीतरी दिवसांत माझ्या डोक्यावरून कुणी मायेनं हात फिरवला नव्हता, हे मला आज लिहिताना कळतंय.