अप्पांची अँबॅसडर: फुल की थर्ड पार्टी?

विम्याच्या ऑफिसात बारा वर्षं काढलेल्या बाईकडे किस्सा मागू नये. गाडीच्या डिकीसारखं होतं. जॅक काढायला म्हणून उघडावी, तर जॅक सोडून सगळं हाताला लागतं! तेव्हा आता उघडलीच आहे, तर बसा.

मी सिल्वासाच्या शाखेत मोटर विम्याच्या टेबलावर होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा लागले. किलवणी नाक्याजवळ, सायकलच्या दुकानाच्या वर आमच्या तीन खोल्या होत्या. आजूबाजूला कारखाने येत होते, कारखान्यांमागून टेम्पो येत होते आणि टेम्पोंमागून आमची रसीदबुकं. कुठला पत्रा किती चेपला की काय खर्च येतो, ते मी गाडीभोवती एक चक्कर मारून सांगायचे. नुकसान मोजायला येणारे सर्व्हेअरसुद्धा माझा आकडा आधी विचारून घ्यायचे.

फक्त एक गोष्ट मला येत नव्हती. गाडी चालवायला!

कुणी चिडवलंच तर मी म्हणायचे, "होड्या बांधणाऱ्या सगळ्यांना पोहता येतं का?"

*

प्रीमियम वाढल्याचा कागद वरून आला की आमचे मॅनेजर मेहतासाहेब आधी चहा मागवायचे आणि मग तो कागद फळ्यावर लावायचे. साहेब मूळचे वलसाडचे, मराठी बोलताना गुजरातीत कधी शिरले ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. कागद लागला की तासाभरात नरोलीचे रमणभाई हजर. त्यांचे दोन टेम्पो आणि एक जुनी जीप होती.

"साहेब, आ शुं? गाडी जुनी झाली, तिचा भाव उतरला. मग प्रीमियम कसा चढला?"

मेहतासाहेब शांतपणे म्हणाले, "रमणभाई, माणूस म्हातारा झाला की त्याची दवा वाढते ने?"

"वाढते ने! पण दवा खाऊन म्हातारा थोडा तरी बरा होतो. तुमचा प्रीमियम भरून माझी जीप एकदा तरी बरी झाली?"

साहेबांनी रमणभाईंना स्वतःचा चहा दिला. पैसे मात्र पूर्ण घेतले.

*

आमचा शिपाई सुकलाल हा नंदुरबारकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. आधी कारखान्यात होता, तिथली मशीन सोसेना म्हणून आमच्याकडे आला. टेबलावर फाईल ठेवता ठेवता तो जे बोलायचा, ते आमच्या छापील माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

एकदा एक निवृत्त शिक्षक आले. नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेली. थर्ड पार्टी घ्यावी की फुल पॉलिसी, ते त्यांचं ठरत नव्हतं. मी रीतसर समजावलं. थर्ड पार्टी कायद्याने घ्यावीच लागते, ती स्वस्त, पण तिच्यात फक्त समोरच्याची भरपाई होते. फुलमध्ये आपल्या गाडीचंही नुकसान मिळतं, म्हणून ती महाग. सर म्हणाले, "कळलं. पण माझ्या वयाला कुठली बरी?"

मी काही बोलायच्या आत सुकलालने फाईल खाली ठेवली.

"सर, पहिले एक सांगा. तुमना भरोसा कोनवर नही? सोतावर का रस्तावर?"

सरांनी खिडकीतून खालच्या रस्त्याकडे पाहिलं.

"सोतावर नही, तर फुल ल्या. रस्तावर नही, तरी फुलच ल्या. अन् दोन्हीवर भरोसा व्हई, तर गाडी इकी टाका!"

सरांनी गाडी विकली नाही, फुल घेतली. त्यानंतर कुणी "माझ्या वयाला कुठली बरी" असं विचारलं की मी सरळ सुकलालला हाक मारायचे.

*

फर्नांडिसकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी माझ्यापुढे लायसन्स ठेवलं ते पोर्तुगीज अमलातलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, आणि त्यातलं एकही अक्षर आम्हा कुणाला वाचता येईना. मेहतासाहेबांनी भिंग आणलं. सुकलालने उलटं धरून पाहिलं.

"काका, याची मुदत कधी संपते?" मी विचारलं.

"मुदत? बाई, ज्यांनी दिलं त्यांची संपली. माझी कुठे संपली?"

मी त्यांना हसत हसत पण ठामपणे सांगितलं की नवं लायसन्स काढल्याशिवाय विम्याला हात लावणार नाही. महिन्याभराने काका आले. गाडीला पुढेमागे पत्र्याचे दोन एल बोर्ड, पांढऱ्यावर लाल रंगाने स्वतः रंगवलेले! आरटीओने त्यांना शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करायला लावली होती.

"पन्नास वर्षं चालवतोय," काका म्हणाले, "आता शिकतोय. पण एक सांगू? एल लावल्यापासून लोक बाजूला होतात. आधीच लावायला हवा होता."

*

आता आमच्या घरातलं गिऱ्हाईक. माझे सासरे, अप्पा.

अप्पा संगमेश्वराकडचे. पोर्तुगीज जाऊन इथे नवं सरकार आलं तेव्हा सरकारी ड्रायव्हर म्हणून आले आणि तीस वर्षं साहेबलोकांना घेऊन खानवेलपासून दुधनीपर्यंत फिरले. रस्ते नव्हते तेव्हा नदीच्या पात्रातून गाडी काढलेली. निवृत्तीनंतर सरकारने त्यांची अँबॅसडर लिलावात काढली, तर अप्पांनी तीच विकत घेतली. "दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती तर मला झोप लागली नसती," म्हणाले. आयुष्यात त्यांच्या नावावर एक अपघात नाही. त्यामुळे दर वर्षी त्यांना नो क्लेम बोनस मिळायचा, म्हणजे वर्षभर भरपाई मागितली नाही म्हणून प्रीमियममध्ये सूट. दुसऱ्यांना ती सूट वाटायची, अप्पांना ते पदक होतं.

एकदा खेरडीच्या रस्त्यावर उभ्या गाडीला म्हशीने शिंग मारून मडगार्ड चेपलं. मी संध्याकाळी क्लेमचा फॉर्म घरी घेऊन आले.

"नको," अप्पा म्हणाले. "चूक म्हशीची आणि डाग माझ्या नावावर?"

"अहो अप्पा, पण एवढा प्रीमियम भरता तो कशासाठी?"

"छत्री घेतली म्हणून पावसात मुद्दाम भिजायला जायचं काय गो?"

मडगार्ड त्यांनी स्वतः ठोकून सरळ केलं. मला राग आला आणि अभिमानही वाटला. पण फॉर्म वाया गेला म्हणून राग जास्त.

*

अप्पांना एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि प्रीमियम पुन्हा वाढला, तेव्हा घरात ठिणगी पडली. आमचे हे, म्हणजे विलास, म्हणाले, "जुनी गाडी, वय झालेला माणूस. थर्ड पार्टी घ्या आणि मोकळे व्हा. खरं तर आता गाडीच सोडा."

अप्पा जेवता जेवता थांबले. "थर्ड पार्टी घेतली म्हणजे मी मान्य केलं, की माझ्या गाडीचं काही झालं तरी चालेल." आणि ताटावरून उठले. अप्पा भरल्या ताटावरून उठलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. भांडण पॉलिसीचं नव्हतंच. त्यांच्या हातातलं स्टिअरिंग राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला घरात विम्याची बाई एकच होती.

मी मेहतासाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बेन, जुनी गाडी आणि एकाहत्तर वर्षांचा चालक. फुल देतो, पण सर्व्हेअर गाडी बघेल आणि शेजारी बसून चालवणाऱ्यालाही बघेल. तो नाही म्हणाला तर थर्ड पार्टी. तुमचे सासरे असोत की माझे."

अप्पा म्हणाले, "बघू दे."

सर्व्हेअर गुजरातेतून आले. टायपिन लावलेले, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ. गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे खुली, त्यामुळे तिकडून कामाला आलेला माणूस जाताना रिकाम्या हाताने जातो असं सहसा घडत नसे. यांनीही आपली खरेदी कागदात गुंडाळून बॅगेत ठेवली होती. ती बॅग अप्पांच्या मागच्या सीटवर ठेवून ते म्हणाले, "दादरापर्यंत जाऊन येऊ."

आता आमच्या प्रदेशाची गंमत अशी की सिल्वासाहून दादराला जायला मध्ये गुजरातचा एक तुकडा ओलांडावा लागतो. दोन्ही टोकांना आपलंच राज्य, मधे त्यांचं! त्या तुकड्यातलं लवाछा जवळ आलं तेव्हा पुढे पोलीस एकेक गाडी थांबवून डिक्या उघडत होते.

सर्व्हेअरसाहेबांना बॅग आठवली.

"वळवा!" ते ओरडले. "पाछी वाळो! वळवा!"

एका बाजूला बैलगाडी, दुसऱ्या बाजूला मोरीचा कठडा. अप्पांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि ती अगडबंब अँबॅसडर एका दमात, रिव्हर्स न घेता, फिरवून सिल्वासाच्या दिशेने तोंड करून उभी केली. बैलाने मानसुद्धा हलवली नाही.

संध्याकाळी रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. गाडीबद्दल तीन तक्रारी होत्या. चालकाबद्दल एकच ओळ होती: 'आणीबाणीच्या प्रसंगी अत्यंत शांत. फुल पॉलिसीस हरकत नाही.'

हे सगळं मला अप्पांनी घरी आल्यावर सांगितलं, आणि वर विचारलं, "सूनबाई, बाटलीचा विमा उतरवता काय गो तुम्ही?"

*

एक वर्ष गेलं. नूतनीकरणाची तारीख जवळ आली. त्या आठवड्यात अँबॅसडर अंगणातून हललीच नव्हती. अप्पा बाजारात चालत जात होते. मी विचारलं तर म्हणाले, "हवा बरी आहे."

तारखेच्या दिवशी अप्पा ऑफिसात आले आणि रांगेत उभे राहिले. सुकलाल धावला. "अप्पा, लाईनमा कशाले? सून आत शे ना!"

"सून आत आहे. गिऱ्हाईक बाहेर आहे."

त्यांचा नंबर आला. अप्पा दर वर्षी पूर्ण फॉर्म नव्याने भरायचे, जुन्यावर फक्त सही करणं त्यांना पटायचं नाही. मी वरून खाली वाचत गेले. मालकाचं नाव, अप्पांचं. गाडीचा नंबर बरोबर. पुढे रकाना होता, 'वाहन मुख्यतः कोण चालवणार?' तिथे दर वर्षी 'स्वतः' असं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असायचं.

या वर्षी तिथे माझं नाव होतं.

"अप्पा, चुकून लिहिलंत," मी म्हटलं.

"तीस वर्षं सरकारी लॉगबुक लिहिलंय. चुकून काही लिहीत नाही."

"अहो, पण मला गाडी चालवता येत नाही!"

मागे रांगेत चारपाच माणसं होती. रमणभाई होते. बारा वर्षं जे मी थट्टेवारी नेलं होतं, ते एकदम भर ऑफिसात जाहीर झालं.

अप्पा काउंटरवर जरा वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "गेल्या रविवारी सामरवरणीच्या वळणावर एक पोरगी सायकलवरून आली. तिला काही झालं नाही, मी ब्रेक मारला वेळेवर. पण मला तिची घंटी आधी ऐकू आली, सूनबाई. पोरगी मागाहून दिसली."

मी फॉर्मवरचं माझं नाव पुन्हा वाचलं.

मग अप्पांनी पिशवीत हात घातला आणि काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक गाडीची किल्ली. दुसरा पत्र्याचा, पांढऱ्यावर लाल रंगाने हाताने रंगवलेला एल बोर्ड. फर्नांडिसकाकांचा.

"पुढचा आहे. मागचा ते उद्या देणार आहेत," अप्पा म्हणाले.

मी डोळे पुसले, पेन उचललं आणि ऑफिसच्या आवाजात विचारलं, "मग पॉलिसी कुठली लिहू? थर्ड पार्टी?"

"छे गो! फुल!" अप्पा आता सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "आणि शेजारी बसणाऱ्याचा विमाही वेगळा टाक. शेजारी मी बसणार आहे!"