टोपल्यातलं शेवटचं अंडं

माझ्या धाकट्या भावाला कोणतीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय चैन नसे. घड्याळ झालं, टीव्हीचा रिमोट झाला, फवारणीचा पंपही झाला. त्यात आमची काळी कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली. आई तिला पाण्यात बुचकळून खुडूक मोडणार होती, पण आम्हा दोघा भावंडांना पिल्लं हवी होती. आई म्हणाली, "बसवा. पन जबाबदारी तुमची. मी ढुंकूनबी पाहनार नाही."

आमच्या धनज गावात सोयाबीनच्या कुटाराला, म्हणजे मळणीच्या भुशाला, काय तोटा! टोपल्यात कुटार पसरून अंडी मांडली. खुडूक कोंबडी भलती हट्टी, उपाशी राहील पण उठायची नाही. तिला रोज उचलून दाणापाणी द्यायचं माझ्याकडे, मांजरीवर पहारा त्याच्याकडे. ती दाणे टिपेस्तोवर हा मोबाईलचा टॉर्च लावून अंड्यात बघे. लाल शिरा अन् मधोमध हलणारा ठिपका.

"ताई, याले आपला आवाज येत असन का?"

मला काय ठाऊक! मीही कान लावून पाहिला.

तीन आठवड्यांनी पिल्लं निघाली. एका अंड्याला मात्र नुसती चीर पडली. आत चोच हलायची, थांबायची. दुपारी कोंबडी बाकीची पिल्लं घेऊन अंगणात उतरली अन् ते अंडं गार पडू लागलं. आईनं बजावलं, कवच सोलाल तर पिल्लू रक्त जाऊन मरेल. नुसती ऊब द्या.

धाकट्यानं ते अंडं उचललं. रिमोट ज्याला धड ठेवता आला नाही, त्याच्या हाती हे अंडं! मी मागितलं, त्यानं दिलं नाही. शर्टाखाली पोटाशी धरून बसला. पोरं क्रिकेटला बोलवायला आली, गेला नाही. मीच त्याला जेवण भरवलं. एकदा त्याचं नख चिरेपर्यंत गेलं. मी ओरडणार, तोच त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला.

सांजेला पिल्लू बाहेर आलं, भिजलेल्या वातीसारखं. वाळलं तसं त्याच्याच बोटांकडे सरकू लागलं. मला वाटलं, आता हा कसला सोडतो. पण तो उठला अन् पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली ठेवायला गेला. तिनं त्याच्या हाताला कचकन टोचलं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मीच त जपलं त्याले. मलेच काहून टोचते?"

"तिले काय माहीत बापा, तू कोन होय ते," आई म्हणाली.

पिल्लू अजून अर्धं बाहेरच होतं. त्यानं तोच हात पुन्हा पुढं केला अन् ते नीट आत सरकवलं. कोंबडीनं परत टोचलं. पिल्लू पुरतं आत जाईपर्यंत त्यानं हात काढला नाही.