सुंदराआक्का आणि पत्र्याचं यान

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहायचा आपल्याला काय अधिकार, या विचाराने हात थांबतो. चुकलं तर माफ करा. पण सुंदराआक्काबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही.

आक्का निपाणीत आमच्या शेजारी राहायची आणि वखारीत तंबाखू चाळायची. रविवारी सकाळी टॉकीजला स्वस्तातले, प्रिंट झिजलेले इंग्रजी सिनेमे लागत. त्यांतला परग्रहावरचा सिनेमा ती चुकवायची नाही. इंग्रजी कळत नसे, म्हणून शेजारच्या बायांना गोष्ट स्वतःच रचून सांगायची. "ह्यो हिरवा बाबा तिथला मुकादम हाय. बघ कसा डोळं वटारतोय."

मॅट्रिकला असताना मी तिच्याबरोबर एकदा गेलो. पत्र्याचं यान दोरीला लटकत होतं, राक्षसाच्या पाठीवर शिवण दिसत होती. मागची पोरं हसत सुटली. मी म्हणालो, "आक्का, दोरी दिसतीया."

"दिसू दे की. जत्रंतल्या नाटकात गरुडाची दोरी दिसत न्हाय व्हय? तवा हात जोडतोस. ह्यांच्याकडं पैसं न्हाईत रं, तरी चंद्रावर निघाल्यात. त्येला हसायचं?"

आजही कॉलेजात कुणी अशा सिनेमांची टिंगल केली की मला राग येतो. त्यांत चकचकीत काही नसतं, पण करणाऱ्याची धडपड लपत नाही.

त्याच सिनेमात यान उतरल्यावर सगळ्यांनी तोंडाला रबरी मुखवटे लावले. आक्का पुढे वाकून बघू लागली. घरी येताना म्हणाली, "हवा वंगाळ, म्हनून आधी समद्यास्नी तोंडाला दिलं. वझं उचलणाऱ्यालाबी दिलं, बघितलास न्हवं? आमच्या वखारीत धुरळ्यानं समोरची बाई दिसत न्हाय, आन् आमास्नी नुसता पदर."

जुन्या धोतराची दुहेरी फडकी करून तिने त्यांना नाड्या शिवल्या. वखारीतल्या बाया म्हणाल्या, "आक्का, आमीबी चाललो काय चंद्रावर?"

"चला की. हितल्यापरास बरं आसंल."

सगळ्यांनी फडकी बांधली. मुकादम आला आणि ओरडला, "सोडा आधी. तोंड झाकून तंबाखू पळवायची सोय करताय?"

बाकीच्यांनी भीतीने सोडली. आक्काने सोडलं नाही. "जलमभर नाकातनं तुमचा तंबाखू घरी नेलाय. त्यो कधी धरला न्हाईसा."

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. दुसऱ्या कुठल्या वखारीने घेतलं नाही. 'सिनेमा बघून डोकं फिरलेली बाई' असं लोक म्हणू लागले, आमचे मास्तरसुद्धा. स्वच्छ हवा मागणाऱ्या बाईचं डोकं फिरलेलं, आणि बायांना धुरळ्यात बसवणारा शहाणा? हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

पुढे मी शिकायला बेळगावला आलो. गेल्या महिन्यात चुलतभाऊ वसतिगृहावर आला. बराच वेळ गावच्या गप्पा मारून झाल्यावर म्हणाला, "सुंदराआक्का गेली रं. खोकलाच हुता. तुला कळवायचं ऱ्हाऊन गेलं."

मयतीला कोण कोण होतं, मी विचारलं.

"सगळी गल्ली हुती. मुकादमबी आलता. चितंचा धूर लई झाला, तर नाकाला रुमाल लावून लांब हुबा ऱ्हायलता."