चौथ्या पानावर न बसलेल्या दोन ओळी

साक्ष देताना तुम्ही कधी खोटं बोलला आहात का? मंडळीसमोर उभं राहून, हातात पवित्र शास्त्र धरून, "प्रभूने मला शांती दिली" असं म्हणताना आतून कुणी तुमची खिल्ली उडवत होतं का? माझी उडवत होतं. आणि मी नुसती बोलले नव्हते, ते खोटं छापून वाटलं होतं. पिवळा कागद, एक घडी, चार पानं, हजार प्रती.

मी शिरूरला मिशन कंपाऊंडमध्ये, ख्रिस्ती वस्तीत, वाढले. पप्पा गावातल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळींचं पान बांधायचं. लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं आणि अधूनमधून मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हस्तपत्रिका. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. प्रुफं होती. मी अक्षरं शिकले ती हस्तपत्रिकांच्या प्रुफांवर, म्हणून 'आई'च्या आधी मला 'तारण' लिहिता येत होतं.

हस्तपत्रिकेचा साचा मला पाठ होता. पहिल्या पानावर प्रश्न, दुसऱ्यावर अंधार, तिसऱ्यावर प्रार्थना, चौथ्यावर शांती. दारुडा असो, जुगारी असो, सासूशी भांडणारी सून असो, चौथ्या पानावर सगळे सुखात. तिथं कुणी रडताना मी कधी पाहिलं नाही. आणि मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, एवढा कागद सगळ्यांच्या हातात पडला की जग ताळ्यावर येईल. शिरूरच्या स्टँडवर एस्टीच्या खिडक्यांतून मी त्या आत सारायचे. एका कंडक्टरने एक चुरगळून टाकली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. मी त्याला म्हणाले, "कागद टाकलात, पण हाक कुठं टाकाल?" तो म्हणाला, "बाजूला व्हा, पाळकीणबाई. गाडी सुटायचीय."

बारावीनंतर मी शिक्रापूरला एका कारखान्यात लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रस्त्याला लागून एक खोली, त्यात आम्ही चौघी. माझं काम चेकिंगचं. पट्ट्यावरून प्लास्टिकची झाकणं यायची, चिरलेलं, वाकडं झाकण उचलून लाल पेटीत टाकायचं. दिवसभर तेच. डोळे तिथे आणि मन मोकळं. त्या मोकळ्या मनात ते विचार शिरले.

ते काही मोठे विचार नव्हते. एकच वाक्य होतं, फिरून फिरून येणारं: तूपण लाल पेटीतली आहेस. देवाने तुला केव्हाच उचलून बाजूला टाकलंय, तुला कळलेलं नाही, एवढंच. आधी हसू आलं. मग ते डबा खाताना यायला लागलं, मग गीत म्हणताना. मी उपवास केला, वचनं पाठ केली, विचार आला की मोठ्याने "दूर हो" म्हणून पाहिलं. खोलीतली बिहारची मुलगी एकदा म्हणाली, "दीदी, किसको भगा रही हो? यहाँ तो हम ही हैं." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

पावणेदोन वर्षांनी मी काम सोडून घरी आले. घरी बरं वाटलं, हे खरं. एका दुपारी आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर बसून मी प्रार्थना करायचा प्रयत्न करत होते. वाक्य आलं. मी इतकी दमलेली होते की "दूर हो" म्हणायची ताकद नव्हती. मी म्हणाले, "प्रभू, हे परत आलंय." बस. ते गेलं नाही. पण मी एकटी त्याच्यासोबत कोंडलेली नाही, असं पहिल्यांदा वाटलं. तेवढीच शांती. पण खरी.

हे मी आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहून काढ. तरुणांसाठी हस्तपत्रिका करू." मी एका बैठकीत लिहून काढली. शेवट असा होता: "त्या दिवसापासून माझ्या मनात शांती आहे. ते विचार अजूनही येतात. येतात तेव्हा मी प्रभूला सांगते, की हे आलेत, आणि प्रभू उठून जात नाही."

पप्पांनीच खिळे जुळवले. मी डबा द्यायला छापखान्यात गेले तेव्हा ते प्रूफ घेऊन उभे होते.

"चौथं पान भरलं. दोन ओळी उरल्यात."

"टाईप बारीक करा ना."

"म्हातारी माणसं वाचतील व्हय बारीक टाईप? दोन ओळी काढ."

"कुठल्या?"

त्यांनी शाईचं बोट शेवटच्या दोन वाक्यांवर ठेवलं. "ह्या. ह्या नसल्या तरी अर्थ लागतोय."

मी प्रूफ वाचलं. 'त्या दिवसापासून माझ्या मनात शांती आहे.' पूर्णविराम. मी "हो" म्हणाले. जागा नव्हती म्हणून हो म्हणाले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं सांगायचं तर मला तो शेवट आवडला होता. लहानपणापासून वाचलेल्या सगळ्या शेवटांसारखा तो होता. त्यांच्या रांगेत आता मीही बसले होते.

पत्रिका वाटली गेली आणि मी अडकले. कंपाऊंडमधल्या बायका मला 'शांतीवाली' म्हणायला लागल्या. महिन्यातून एकदा तरी कुणाच्या घरच्या प्रार्थनेत साक्ष द्यायला बोलावणं यायचं. तंबाखू सोडल्याची साक्ष वर्षानुवर्षं देणारे एक मामा होते. दर वेळी त्यांच्या साक्षीतल्या पुड्या वाढायच्या. ते मला म्हणाले, "तुझी साक्ष चांगलीये, पण त्रास थोडा वाढव. लोकांना कळत न्हाई किती खोल होतीस." एकदा नळावर मी गप्प उभी होते, तर शेजारची काकू म्हणाली, "काय गं, पत्रिकेवालीच तोंड पाडून बसली तर आम्ही कुणाकडं बघायचं?" मी हसले. त्या दिवसांत मी इतकी हसले की गाल दुखायचे. विचार आत तसाच होता. आता त्याला नवं वाक्य मिळालं होतं: तू लाल पेटीतली तर आहेसच, वर खोटारडीही आहेस. आणि आता हे मी कुणाला सांगणार होते? ज्याला सांगायचं, त्याच्या हातात माझी पत्रिका होती.

मग दौंडहून बोलावणं आलं. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून दुसरी एस्टी. देऊळ रेल्वेच्या जवळ. मालगाडी जायला लागली की पाळक वाक्य अर्ध्यावर थांबवायचे, गाडी गेली की तिथूनच पुढे चालू करायचे. मी साक्ष दिली. आता ती तोंडपाठ होती. उपासना सुटल्यावर एक बाई माझ्यापाशी आली. तिशीच्या आतबाहेरची, नवरा रेल्वेत. तिच्या शास्त्रात माझी पत्रिका होती. घडीवर फाटत आलेली, मागून चिकटपट्टी लावलेली.

"ताई, तुमचे किती दिवसांत गेले?"

"काय, वहिनी?"

"विचार."

मी काहीतरी पुटपुटले. वेळ लागतो, असलं काही. ती हळू बोलत होती, आजूबाजूला बघत. वर्षापूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून तिला एकच वाटत होतं, की देवाने तिला आई व्हायच्या लायकीची मानलं नाही.

"तुमच्या पत्रिकेतली प्रार्थना रोज म्हणते. चाळीस दिवस धरले होते, ते झाले. माझे जात न्हाईत. तुमचे गेले, माझे न्हाई, म्हंजी खोट माझ्यातच हाय. दोनदा प्रभुभोजन आलं, मी भाकर न घेता ताट पुढं सरकवलं. सासूबाईंना वाटतं मी घेतलं." मग तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, "पुढच्या महिन्यापास्नं मी येणार न्हाई. उगाच त्याच्या घरात जागा कशाला अडवायची?"

त्या क्षणी दोन वाक्यं बोलायची होती. मला ती पाठही होती. पण मागे दौंडचे पाळक माझी वाट बघत होते, बायका चहाला थांबल्या होत्या. मी म्हणाले, "प्रार्थना करत राहा." आणि एस्टी चुकेल म्हणून निघाले.

चौफुल्याहून पुढच्या एस्टीत मी खिडकीशी होते. शेजारच्या माणसाने पायाशी कांद्याची पोती ठेवलेली. शिरूरपर्यंत मला पाय हलवता आला नाही आणि मला ते योग्यच वाटलं.

घरी आल्या आल्या मी पप्पांवर तुटून पडले. "पत्रिका परत छापा. त्या दोन ओळींसकट. पाच पानं होऊ द्या."

"खिळे सोडले कवाच. दुसऱ्या दिवशीच त्यात दुकानाच्या उद्घाटनाचं कार्ड झालं."

"तुम्ही माझी साक्ष कापलीत, पप्पा. एक बाई देवळात यायचं सोडतेय त्या दोन ओळींपायी."

"तू समोर हुतीस. हो म्हणालीस."

पप्पा नखातली शाई काढायला लागले. मग म्हणाले, "मला बी येतात."

"काय?"

"तसलेच. तुझा आज्जा गेला तवापास्नं."

मला हिशेब न करताही कळलं, की माझ्या जन्माच्या आधीपासून. "मग कधी बोलला का नाहीत?"

"कुठं बोलू? चौथ्या पानावर?"

आमच्यावर माझा राग आहे तो इथे. माझ्यावर, पप्पांवर, साक्षीच्या सगळ्या सभांवर. शास्त्रात स्तोत्रंच्या स्तोत्रं तक्रारीची आहेत, देवा तू कुठे गेलास असं विचारणारी. रानात झुडपाखाली बसून मरण मागणारा संदेष्टा आहे, आणि देव त्याला रागावत नाही, आधी खाऊ घालतो, झोपू देतो. यातलं काहीच आम्ही हस्तपत्रिकेवर घेतलं नाही. आम्ही स्तोत्राची शेवटची ओळ तेवढी उचलली. ज्याचं मन अजून स्तोत्राच्या मधल्या ओळीत आहे, त्याने कुठे जायचं?

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा. मी न बोलावता दौंडला गेले. येणार नाही म्हणाली होती, तरी ती आलेली होती, शेवटच्या बाकावर, सासूच्या शेजारी; सासूनेच आणलं असावं. मी पाळकांकडे दोन मिनिटं मागितली. उभी राहिले आणि म्हणाले, की माझी पत्रिका अपुरी आहे. माझे विचार गेलेले नाहीत. आज सकाळी चौफुल्याला गाडी बदलतानाही होते. ते येतात तेव्हा मी प्रभूला सांगते, आणि तो उठून जात नाही. मला शांती म्हणतात ती एवढीच मिळाली आहे. जास्त मिळाली असं मी भासवलं, त्याची मी माफी मागते.

पुढच्या बाकावरचे एक वडीलजन म्हणाले, "बाळ, अशानं लोकांचा विश्वास डळमळतो."

"ज्यांचा डळमळलाय त्यांनाच सांगतेय, आप्पा."

पाळकांनी घाईने गीत सुरू केलं. मग भाकरीचं ताट बाकाबाकावरून निघालं. मी मान वळवून बघत राहिले, बघू नये हे माहीत असून. ताट तिच्यापाशी आलं. तिने ते पुढे सरकवलं.

मला वाटलं, संपलं. उशीर झाला.

पण उपासना सुटल्यावर ती बाहेर लिंबाखाली उभी होती. "तुमचे खरंच येतात?"

"खरंच."

"काय म्हणतात?"

मी तिला सांगितलं. शब्दाला शब्द, लाल पेटीसकट. एवढं मी पाळकांनाही सांगितलं नव्हतं. मग तिने तिचे सांगितले. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचे आहेत. सांगून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझं आपलं बाळाचं तरी हाय. तुम्ही तर झाकणावरनं रडताय." आम्ही दोघी हसलो, आणि त्या हसण्याने माझे गाल दुखले नाहीत. मग तिथेच प्रार्थना केली. काही मागितलं नाही. हे हे विचार आहेत प्रभू, एवढं एकेक करून सांगितलं. मालगाडी गेली, आम्ही थांबलो, गाडी गेल्यावर उरलेलं सांगितलं.

पुढे ती सासूशी बोलली, मनाच्या डॉक्टरकडेही गेली. काहींनी नाकं मुरडली. मी त्यांना विचारते, चष्मा लावता तेव्हा तुमचा विश्वास कमी होतो का? त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मी तिच्या शेजारी बसले होते. ताट आलं. तिने ते धरून ठेवलं, इतका वेळ की पलीकडच्या बाईने हात पुढे केला. मग तिने तुकडा घेतला आणि खाल्ला. तिचे विचार गेले होते का? नाही. मी विचारलं होतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या रविवारी तुमच्या मंडळीत साक्षीची वेळ येईल तेव्हा उभे राहा आणि जे अजून सुटलेलं नाही त्याची साक्ष द्या. शेवट गोड करू नका. मंडळीसमोर जमत नसेल तर ताट पुढे सरकवणाऱ्या एकाच माणसाशेजारी जाऊन बसा आणि त्याला सांगा.